वाळवंटातल्या राण्यांचे पाणी

राजस्थान पाहून आलेल्या बाईला "काय काय आणलंत?" असे विचारले, की पिशवीतून बांधणीची ओढणी निघते, लाखेच्या बांगड्या निघतात, आरसे लावलेल्या उशांचे अभ्रे निघतात. मीही हे सगळे आणले, नाही म्हणणार नाही. पण त्यासोबत आणखी एक गोष्ट आली आहे आणि ती पिशवीतून काढून दाखवता येत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे गाव दुष्काळी पट्ट्यातले. तालुक्याचे ठिकाण असले तरी नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी पहाटे घरात पहिली जाग कोणाला येते, हे मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको. पिंप भरा, हंडे भरा, बादल्या भरा, आणि मग कपभर चहा घ्या. त्यामुळे राजस्थानला जायचे ठरले तेव्हा माझ्या मनात एक साधा प्रश्न होता. एवढाले किल्ले, एवढाले महाल, हत्ती, घोडे, दासदासी, सैन्य, आणि पाऊस म्हणाल तर मूठभर! या सगळ्यांना पाणी कोण पुरवत होते?

प्रश्न माझ्या मनात होता, तरी तो कोणाला विचारला नव्हता. उत्तर मात्र जागोजागी मिळत गेले.

जानेवारीत आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी, आमचे हे, दोन्ही मुले आणि सासूबाई. सासूबाईंचे वय सहासष्ट. "वाळवंटात मी काय बघणार? वाळूच ना? ती आपल्या नदीत पण आहे, पाणी नसतं तेव्हा," असे म्हणत म्हणत त्याच सर्वांच्या आधी बॅग भरून तयार. पुण्याहून थेट जोधपूरची गाडी आहे. मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते, म्हणून मुलांनी मला आधीच बजावून ठेवले होते, "आई, तिथे धडा सुरू करायचा नाही हं!"

मेहरानगड

जोधपूरच्या स्टेशनाबाहेर पडून थोडे पुढे गेले की मेहरानगड दिसू लागतो, आणि मग शहरात कुठेही जा, तो दिसतच राहतो. शहरापासून सुमारे चारशे फूट उंच असा हा उभा खडक. त्याच्यावर तटबंदी आणि तटावर लाल दगडातले महाल. खाली निळ्या रंगाने रंगवलेल्या घरांची दाटी.

राव जोधाने १४५९ साली हा गड बांधायला घेतला. त्याआधी राजधानी जवळच मंडोरला होती. गडाच्या जागी म्हणे चिडियानाथ नावाचे एक साधू राहत होते. त्यांना उठवले तेव्हा ते शाप देऊन गेले, की या गडाला पाण्याचे सुख लाभणार नाही. आता शाप खरा की खोटा ते जाऊ द्या. ज्या मुलखात पाण्याची अशी वाण आहे तिथला शापही पाण्याचाच असणार! आपल्याकडे साधू रागावला तर निर्वंश करतो, दगड करतो. तिथे तो पाणी तोडतो.

गडाच्या आतले महाल पाहण्यासारखे आहेत यात शंका नाही. फूलमहाल, शीशमहाल, मोतीमहाल. एकेक दालन पाहताना मान दुखून येते. मोतीमहालाच्या भिंतीत पाच कोनाडे आहेत. त्यांच्या मागे लपलेले सज्जे असून तिथे बसून राण्या दरबारातली बोलणी ऐकत, असे सांगतात. झाँकीमहालात राजघराण्यातले पाळणे मांडून ठेवले आहेत. नक्षीचे, सोनेरी, पऱ्यांच्या आकृत्यांचे. इतका वेळ तलवारी आणि ढाली पाहून कंटाळलेल्या बायका तिथे हमखास रेंगाळत होत्या. पाळणा दिसला की पाय थांबतोच आपला.

जनाना महालाच्या जाळ्या तर दगडात विणलेल्या लेससारख्या. बाहेरून आतले काही दिसत नाही, आतून बाहेरचे सारे दिसते. माझ्या लेकीने जाळीला डोळा लावून पाहिले आणि विचारले, "आई, त्यांना खाली जाता यायचं का?" मी म्हटले, "क्वचित." यावर ती म्हणाली, "मग नुसतं बघून काय उपयोग?"

पण नुसते बघूनही उपयोग झाला होता, हे मला त्या जाळीतूनच कळले. गडाच्या पायथ्याशी, तटबंदीच्या आधाराने, एक तलाव चकाकत होता. वाटाड्याला विचारले. तो म्हणाला, "राणीसर." राव जोधाची राणी जसमादे हाडी हिने तो बांधवला, गड उभा राहत होता त्याच काळात. खडकावर पडणारा पाऊस वाया न जाता खाली एकत्र यावा आणि गडाच्या माणसांना पुरावा, अशी ती योजना. तिथले पाणी वर गडावर चढवण्याचीही व्यवस्था होती.

म्हणजे बघा, नवऱ्याने गड बांधायला घेतला, साधूने पाणी तोडण्याचा शाप दिला, आणि बायकोने तलाव बांधवून घेतला. आपल्या घरातही असेच नाही का चालत? घर कुणीही बांधो, पिंप भरण्याची काळजी कुणाची असते!

लोहापोळीतले हात

गडाच्या शेवटच्या दरवाजाला लोहापोळ म्हणतात. तिथे डाव्या हाताच्या भिंतीवर तळहातांचे छोटे छोटे ठसे आहेत, ओळीने. शेंदूर आणि वर्ख लावलेले. महाराजा मानसिंग १८४३ साली वारले, त्यांच्या चितेवर गेलेल्या राण्यांचे हे ठसे. इंग्रजी मुलखात १८२९ सालीच सतीला बंदी झाली होती. संस्थानांत मात्र चाल त्यानंतरही काही काळ चालू राहिली.

येणारेजाणारे तिथे थांबत होते. कोणी नमस्कार करत होते, कोणी फोटो घेत होते. सासूबाईंनीही हात जोडले. मग जरा पुढे होऊन एका ठशाजवळ, न टेकवता, आपला तळहात धरला. त्यांचा हात मोठा निघाला.

"केवढासा हात गं हा," त्या म्हणाल्या. "लहानच असणार पोर."

मी गप्प राहिले. आमच्या सासऱ्यांना जाऊन आता बावीस वर्षे झाली. माझे लग्न व्हायच्याही कितीतरी आधी.

"मी चव्वेचाळीसची होते तेव्हा," त्या आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "त्यानंतर दोन पोरांची शिक्षणं केली, लग्नं केली. तीन नातवंडं न्हाऊ-माखू घातली. डोळ्याचं ऑपरेशन झालं. भिशीचं काम बघितलं. आणि आता हे जोधपूर." थोडे थांबून त्यांनी विचारले, "यांची नावं कुठं लिहिलीत का गं?"

मी शोधले. ठशांवर नावे नाहीत. याच गडाच्या पायात राजाराम मेघवाल नावाच्या माणसाने स्वतःला जिवंत गाडून घेतले, अशी कथा सांगतात. त्याच्या नावाची शिळा गडावर आहे. पण या हातांना नाव नाही. राजाचे नाव आहे, दरवाजाचे नाव आहे, हातांचे नाही.

ही फार जुनी गोष्ट आहे, असेही म्हणून भागत नाही. १९८७ च्या सप्टेंबरात राजस्थानातच, सीकर जिल्ह्यातल्या देवराळा गावी, अठरा वर्षांची एक विवाहिता पतीच्या चितेवर जळाली. साऱ्या देशात खळबळ झाली, आणि त्याच साली सती प्रतिबंधाचा कडक कायदा आला. सतीचा गौरव करणे हाही आता गुन्हा आहे. हे मी मुलांना तिथेच सांगितले. धडा म्हणाल तर तो एवढाच झाला, आणि मुलांनीही तो मुकाट्याने ऐकला.

तूरजी आणि गुलाब

दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या शहरात हिंडलो. घंटाघराजवळच्या बाजारात मसाले, मिरच्या, मावाकचोरी. तिथून पायी गेले तर 'तूरजी का झालरा' नावाची पायऱ्यांची विहीर लागते. बावडीला खाली उतरायला एका बाजूने लांबलचक पायऱ्या असतात, झालऱ्याला तीन किंवा चार बाजूंनी. तांबूस दगडाच्या त्रिकोणी पायऱ्या एकीखाली एक अशा उतरत जातात, की वरून पाहताना कोणी भरतकामाचा नमुना काढून ठेवला आहे असे वाटावे. भिंतीत हत्ती-सिंह कोरलेले. पाणी वेगवेगळ्या पातळ्यांवरून घेता यावे अशी सोय, आणि रहाटासाठी वेगळी टाकी. मध्यंतरी कित्येक वर्षे ही विहीर गाळाने आणि कचऱ्याने भरून गेली होती. २०१० नंतरच्या दशकात ती उपसून स्वच्छ केली. आम्ही गेलो तेव्हा गल्लीतली पोरे वरून पाण्यात उड्या मारत होती आणि आमचा चिरंजीव हेव्याने पाहत होता.

ही विहीर १७४० च्या दशकात महाराजा अभयसिंगांच्या राणीने बांधवली. तिकडे अशी रीतच होती, की लोकांसाठी पाण्याची कामे राजघराण्यातल्या स्त्रियांनी करावीत. पुण्याचे काम म्हणून, आणि पाणी भरणाऱ्या सगळ्या बायकाच म्हणूनही असेल.

आता नावाची गंमत पाहा. 'तूरजी' हे तिचे स्वतःचे नाव नव्हे. ती तंवर घराण्यातली मुलगी, म्हणून तूरजी. राणीसर बांधणारी जसमादे हीसुद्धा हाडा घराण्यातली, म्हणून हाडी. तिकडे राणी सासरी आली तरी माहेरच्या कुळाने ओळखली जाई. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलते आणि काही घरांत तांदळात अंगठीने नवे नावही लिहितात. माझ्या आईचे असेच बदलले होते. तिला माहेरच्या नावाने हाक मारणारे आता एकच मामा उरले आहेत. तिकडे माहेर टिकले, पण माणसाचे नाव मागे पडले. इकडे नाव असते, पण दुसऱ्याने दिलेले. कोणते बरे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

झालऱ्याच्या जवळच गुलाबसागर आहे. हा मोठा तलाव १७८८ सालचा, गुलाबराय नावाच्या स्त्रीने बांधवलेला. ती महाराजा विजयसिंगांची पासवान. पासवान म्हणजे राजाने उघडपणे ठेवलेली, पण लग्नाची नव्हे. याच विजयसिंगांच्या कारकिर्दीत १७५५ साली आपले जयाप्पा शिंदे नागोरच्या वेढ्यात मारेकऱ्यांच्या हातून मारले गेले, म्हणून मराठी इतिहासात त्यांचे नाव येते. गुलाबरायचे दरबारात फार वजन होते. सरदारांना ते खुपले आणि १७९२ साली तिचा खून झाला. तलावाला मात्र आजही तिचेच नाव आहे.

सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "लग्नाच्या राणीचा तलाव तो नुसता 'राणी'सर, आणि हिचा मात्र गुलाबसागर. अजबच आहे!" मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

खेजडली

जोधपूरपासून पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर खेजडली नावाचे गाव आहे. प्रवासी कंपन्यांच्या यादीत ते बहुधा नसते. आम्ही रिक्षाऐवजी गाडी ठरवून मुद्दाम गेलो आणि गेल्याचे सार्थक झाले.

खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण शमीची पूजा करतो, पण झाड पाहिलेल्या किती निघतील? तिकडे मात्र या झाडावर माणसे जगतात. पाला जनावरांना, शेंगा माणसांना, सावली पिकाला. बिष्णोई समाजाचे लोक हिरवे झाड तोडत नाहीत. गुरू जांभेश्वरांनी पंधराव्या शतकात घालून दिलेल्या एकोणतीस नियमांवरूनच त्यांचे हे नाव पडले.

१७३० साली जोधपूरच्या महाराजा अभयसिंगांना बांधकामासाठी चुना हवा होता, आणि चुन्याची भट्टी पेटवायला लाकूड. माणसे कुऱ्हाडी घेऊन खेजडलीत आली. अमृतादेवी नावाची बिष्णोई गृहिणी झाडाला मिठी मारून उभी राहिली. डोके गेले आणि झाड राहिले तरी सौदा स्वस्तच, अशा अर्थाचे ती बोलली असे सांगतात. तिला कापून काढले. तिच्यामागे तिच्या तीन मुली गेल्या. मग आसपासच्या गावांतून माणसे येत गेली आणि झाडांना बिलगत गेली. एकूण तीनशे त्रेसष्ट. बातमी कळल्यावर महाराजांनी तोड थांबवली आणि बिष्णोईंच्या गावांतली झाडे तोडायला मनाई केली. चिपको आंदोलनाच्या आधी जवळजवळ अडीचशे वर्षांची ही गोष्ट.

तिथे आज स्मारक आहे, शांत मंदिर आहे, खेजडीची दाट झाडी आहे. दर भाद्रपदात जत्रा भरते. मला राहून राहून वाटत होते, की महाल पाहताना आपण संगमरवर पाहतो, आरसे पाहतो, पण चुना कुठून आला हे कोणी विचारत नाही. आणि एक गोष्ट लक्षात आली. हेच ते अभयसिंग, ज्यांच्या राणीने पुढे तूरजीचा झालरा बांधवला. एकाच घरातून कुऱ्हाडही निघाली आणि विहिरीची टिकावही.

जैसलमेरची वाट

जोधपूर ते जैसलमेर रस्त्याने पाच-सहा तास लागतात. जसजसे पश्चिमेला जावे तसतशी झाडे ठेंगणी होत जातात आणि घरे विरळ. जैसलमेरला वर्षाला साधारण दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आमच्या दुष्काळी गावातसुद्धा याच्या दुप्पट-तिप्पट पडतो!

वाटेत चहाला थांबलो त्या ढाणीत, म्हणजे वाडीत, अंगणात एक गोल बांधीव कट्टा होता, वर लोखंडी झाकण आणि त्याला कुलूप. आधी वाटले धान्याचे पेव असेल. घरच्या बाईने झाकण उघडून दाखवले. आत पाणी! याला टांका म्हणतात. भोवतालची जमीन चोपून, उतार देऊन तयार केलेली असते. पावसाचे पाणी तिच्यावरून वाहत टांक्यात जाते. पहिल्या पावसाने आधी अंगण धुऊन काढायचे आणि मग पाणी आत घ्यायचे. त्या जागेत चपला घालून जायचे नाही, गुरे बांधायची नाहीत. आपण देवघर राखतो तसे त्या ते अंगण राखतात.

"कुलूप कशाला?" मी विचारले.

ती हसून म्हणाली, "घर उघडं टाकते बहेनजी, टांका नाही." तूप सांडले तर चालेल, पण पाणी सांडले तर जीव जळतो, अशी तिकडची म्हणच आहे.

शेतीचीही अशीच युक्ती. उताराच्या खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालायचा, पावसाचे पाणी अडवायचे, ते जिरले की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. याला खडीन म्हणतात. पालीवाल ब्राह्मणांनी जैसलमेरच्या भागात ही पद्धत नावारूपाला आणली. त्यांचे ओसाड कुलधरा गाव आज लोक भुताचे गाव म्हणून पाहायला जातात. भूत काही दिसले नाही, पण ओळीत बांधलेली ती रिकामी घरे पाहून पोटात कालवते खरे.

आता वाळवंटात कालवाही आला आहे. पंजाबातल्या हरिकेपासून निघणाऱ्या, पूर्वी राजस्थान कालवा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंदिरा गांधी कालव्याचे काम १९५८ साली सुरू झाले आणि १९८७ साली त्याचे पाणी जैसलमेर जिल्ह्यात पोहोचले. साडेसहाशे किलोमीटरची ही वाट. त्यामुळे खूप हाल वाचले, यात शंकाच नाही. डोक्यावर हंडा घेऊन कोसभर चालणाऱ्या बाईला कालव्याचे तोटे सांगायला कोणी जाऊ नये. पण कालवा आल्यावर जुन्या टांक्यांकडे, तळ्यांकडे दुर्लक्ष झाले, हेही तिथल्या बायकांनीच सांगितले.

पाण्याने खचणारा किल्ला

जैसलमेरचा किल्ला संध्याकाळी पाहावा. पिवळा दगड सोन्यासारखा उजळतो. सत्यजित राय यांच्या १९७४ च्या 'सोनार केल्ला' या चित्रपटाने तो घरोघरी पोहोचवला. रावळ जैसलने ११५६ साली हा किल्ला वसवला. नव्व्याण्णव बुरूज आहेत, आणि विशेष म्हणजे आत अजून माणसे राहतात. दोरीवर धोतरे वाळत आहेत, उंबऱ्यावर म्हातारी बाजरी पाखडते आहे, गल्लीत गाय आडवी बसली आहे, आणि भिंतीवर मुलाच्या लग्नाचा गणपती रंगवला आहे. २०१३ साली राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात हा एक.

किल्ल्यातल्या एका घरी आम्ही चहा घेतला. घरातल्या आजीबाई सासूबाईंच्याच वयाच्या. दोघींचे हिंदी सारखेच, त्यामुळे गप्पा चांगल्या रंगल्या. त्या सांगत होत्या, पूर्वी किल्ल्यातल्या विहिरी आणि खालचा गडीसर तलाव, एवढेच पाणी. तळ्यावरून दोन घागरी डोक्यावर घेऊन हा चढ चढायचा. परातीत बसून अंघोळ. परातीतले पाणी कपड्यांना, कपड्यांचे पाणी जमीन सारवायला. भांडी राखेने कोरडीच घासायची. "एक थेंब तीन कामं करायचा," त्या म्हणाल्या.

मग नळ आले. न्हाणीघरे झाली, प्रवासी येऊ लागले, हॉटेले झाली. ज्या किल्ल्यात शेकडो वर्षे घागरीने मोजून पाणी येत होते, तिथे ते नळाने वाहू लागले. गटारांची सोय त्या मानाने झाली नाही. पाणी पायात मुरले, खालची माती भिजून सैल झाली आणि बुरूज ढासळले, भिंतींना तडे गेले. १९९६ साली धोक्यातल्या वास्तूंच्या जागतिक यादीत या किल्ल्याचे नाव आले. त्यानंतर डागडुजी झाली, अजूनही होते आहे. पण विचार करा, शत्रूच्या वेढ्यांतून टिकलेला किल्ला सांडपाण्याने खचावा! जोधपुरातही जुन्या विहिरींचा उपसा थांबल्यापासून काही भागांत तळघरांत पाणी झिरपते. पाणी नसण्याचे दुःख आपल्याला माहीत आहे. ते आल्यावर कसे वागवायचे हे मात्र घागर वाहणारीलाच ठाऊक होते, आणि नळ टाकताना तिला कोणी विचारले नाही.

गडीसर तलाव चौदाव्या शतकातला, महारावळ गडसीच्या नावाचा. त्याच्या काठावर पिवळ्या दगडाची सुंदर कमान आहे. तिचे नाव 'टीलों की पोळ'. टीलों ही गणिका. तिने स्वतःच्या पैशाने तळ्यावर दरवाजा बांधायचे ठरवले. राजाने नकार दिला म्हणे, की पाण्याला जाणाऱ्या राण्या हिच्या दरवाजाखालून कशा जातील? राजा बाहेरगावी गेल्याचे पाहून टीलोंने दरवाजा उभारलाच, आणि वर कृष्णाचे मंदिर बांधून टाकले. आता देवाचे मंदिर कोण पाडणार? दरवाजा राहिला आणि नावही राहिले. ही कथा ऐकून सासूबाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी कमानीखालून तीनदा ये-जा केली.

केर-सांगरी

पाण्याची ही काटकसर ताटातही दिसते. भाजीपाला नाही म्हणून गट्ट्यांची भाजी, पापडाची भाजी, मंगोडी. ताक भरपूर, पाणी कमी. सगळ्यांत प्रसिद्ध केर-सांगरी. केर म्हणजे आपल्या माळावरच्या नेपतीची फळे, सांगरी म्हणजे शमीच्या शेंगा. दोन्ही वाळवून ठेवल्या की वर्षानुवर्षे टिकतात.

मी पावशेर आणली आणि करूनही पाहिली. रात्री दोन्ही भिजत घालावीत. सकाळी चार-पाच वेळा चोळून धुवावीत, कारण वाळू असते. मऊ शिजवून पाणी निथळावे. जास्त तेलाच्या फोडणीत जिरे, हिंग, अख्ख्या लाल मिरच्या, धणेपूड, हळद, तिखट, आमचूर आणि थोडे बेदाणे घालून परतावे. बाजरीच्या भाकरीबरोबर फार छान लागते, आणि प्रवासात तीन-चार दिवस सहज टिकते. दसऱ्याला शमी पुजणाऱ्यांनी शमीची भाजी एकदा खाऊन पाहावी.

जाणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दिवसा ऊन असले तरी रात्री थंडी कडाक्याची, तेव्हा स्वेटर आणि पायमोजे हवेतच. दोन्ही किल्ल्यांवर चढ आणि गुळगुळीत दगड, म्हणून साडीवर बूट विचित्र दिसले तरी बूटच घालावेत. मेहरानगडावर लिफ्टची सोय आहे, म्हाताऱ्या माणसांना तिचा उपयोग होतो. जैसलमेरला राहायचे असेल तर किल्ल्याच्या आत न राहता खाली शहरात राहावे. किल्ल्यावरचा पाण्याचा भार तेवढाच कमी. आणि वाटाड्या तलवारींची वजने सांगू लागला, की त्याला मधेच थांबवून विचारावे, "इथली विहीर कोणी बांधली?" आमच्या वाटाड्याला पहिल्या दिवशी हा प्रश्न नवा होता. चौथ्या दिवशी तो आपण होऊन सांगू लागला.

सासूबाईंनी परतीच्या गाडीत लेकीच्या वहीचे एक पान मागून घेतले आणि त्यावर तिच्याकडून लिहून घेतले: जसमादे, तूरजी, गुलाबराय, अमृतादेवी, टीलों. "भिशीत सांगायचंय," त्या म्हणाल्या. "नावं विसरली की गोष्ट बिघडते." त्या पानाच्या तळाशी लेकीने विचारून आणखी एक ओळ लिहिली आहे. 'लोहापोळीतले हात', आणि त्याच्यापुढे जागा मोकळी ठेवली आहे.